दुसरा अंक उसाच्या फडात

शुक्रवार, कोल्हापूर

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली, तेव्हा कोल्हापुरातील जुनी-जाणती माणसे रस्त्यावर उभी राहून रडली. राजर्षी शाहू महाराजांनी १९१३ ते १९१५ या काळात खासबाग मैदानाला लागून उभारलेले हे पॅलेस थिएटर म्हणजे या शहराचा जीव होता, आणि आग लागली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. त्यानंतर आमच्या हौशी मंडळाच्या बैठकांत एक विषय सारखा निघू लागला. नाट्यगृह गेले म्हणून आपण पोरके झालो हे खरे. पण ज्यांनी त्या नाट्यगृहाची पायरी कधी चढलीच नाही, अशी माणसे याच जिल्ह्यात डोंगरावरच्या धनगरवाड्यांत, उसाच्या फडांवर आणि यंत्रमागांच्या गल्ल्यांत राहतात, आणि त्यांच्या वाट्याला नाटक येते ते फार तर एखाद्या योजनेची जाहिरात करणाऱ्या पंधरा मिनिटांच्या पथनाट्याच्या रूपाने. शहरातल्या माणसाला कथा, पात्रे, संगीत, मध्यंतर आणि डोंगरातल्या माणसाला फक्त उपदेश, ही वाटणी मला मान्य नाही. म्हणून आम्ही ठरवले की जायचे तर दोन्ही अंक घेऊन, पावणेदोन तासांचे पूर्ण नाटक घेऊन जायचे, आणि त्यासाठी प्रेक्षकांकडून पैसा घ्यायचा नाही.

उपदेशाला माझा सरसकट विरोध आहे असे मात्र नाही. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ लिहिले ते समाजाला काही सांगण्यासाठीच, आणि पुढे सत्यशोधक जलशांनी तमाशाचा बाज उचलून आमच्याच भागातील खेड्यांत विचार नेला. त्या जलशांमध्ये गाणे, बतावणी आणि सवाल-जवाब इतके कसदार असत की माणसे आधी खेळात रमत आणि मग विचारात पडत. आजकाल गावोगाव जे ‘प्रबोधन’ पाठवले जाते, त्यातून नेमका खेळच गळून गेलेला असतो.

आमचे नाटक दोन भावांच्या वाटणीचे आहे. वडील वारल्यावर शेताच्या मधून बांध पडतो आणि आईला सहा-सहा महिने वाटून घेतले जाते. पहिल्या अंकाच्या शेवटी ती म्हातारी गाठोडे घेऊन बांधावरच बसते आणि दोन्ही घरी जायला नकार देते. ही भूमिका मी करते. नेपथ्यात महत्त्वाची वस्तू एकच, तो बांध, आणि त्याची युक्ती आमच्या नेपथ्यकाराची. त्याने रिकामी पोती सोबत घेतली आहेत. ज्या गावी प्रयोग असेल तिथे जे मिळेल ते त्यांत भरायचे, वर मातकट जाजम टाकायचे, की बांध तयार.

दिवस संहितेची प्रत, परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र आणि पोलीस ठाण्यांच्या परवानग्यांची फाइल लावण्यात गेला. विनामूल्य प्रयोगालाही हे सगळे लागतेच. शिवाय रात्री दहानंतर ध्वनिवर्धक चालत नाही, म्हणून आम्ही ध्वनिवर्धकच घेतला नाही. आवाज पोचेल इतक्याच अंतरावर माणसे बसवायची, असे दिग्दर्शक सरांनी ठरवून टाकले. टेम्पोचे डिझेल, भाड्याच्या बॅटऱ्या आणि जेवणखाण यांचा खर्च शहरातील नाट्यप्रेमींनी उचलला आहे. एका गृहस्थांनी मोठी रक्कम देऊ केली होती, पण प्रत्येक ठिकाणी मध्यंतरात त्यांचा सत्कार आणि रंगमंचामागे त्यांचा फलक अशी त्यांची अट होती, म्हणून आम्ही नम्रपणे नकार कळवला.

शनिवार, राधानगरी तालुका

परिते, भोगावती मागे टाकत राधानगरीला पोचलो तेव्हा सकाळचे धुके नुकते उठत होते. शेवटच्या गावाशी डांबरी रस्ता संपला आणि तिथून पुढे धनगरवाड्यापर्यंत जंगलातली चढण. वाड्यावरचे चार तरुण आम्हाला न्यायला खाली आले होते. त्यांनी बॅटरी दांडक्याला बांधून दोघांच्या खांद्यावर घेतली, कपड्यांची पेटी एकाने डोक्यावर घेतली, आणि आम्ही धापा टाकत असताना ते गप्पा मारत वर चढले. या वाटेने मुले शाळेला जातात आणि आजारी माणसाला झोळीत घालून खाली आणावे लागते. इथे कोणी आपणहून कला घेऊन का येत नाही, याचे उत्तर त्या चढणीवरच मिळाले.

प्रयोगाची वेळ त्यांनी ठरवली होती. सकाळची धार काढून, दूध खाली पोचवून माणसे परत आल्यावर आणि संध्याकाळी म्हशी रानातून परतण्याआधी, म्हणजे दुपारी तीनला. अंधार पडल्यावर गव्यांमुळे खाली उतरणे धोक्याचे असते, हेही त्यात होतेच. त्यामुळे इतकी जड बॅटरी वर आणली आणि प्रयोग लख्ख उन्हात झाला. पोती वाळक्या गवताने भरली. बाया सुरुवातीला दारांच्या आडोशाला उभ्या राहून पाहत होत्या. मग एक वृद्ध आजी घरातून घोंगडे घेऊन आल्या, ते बांधापासून पाच हातांवर पसरले आणि त्यांनी हाताने खूण करून सगळ्या सुनांना पुढे बसवले. तेवढे झाले आणि प्रयोगाचा रंगच पालटला.

शहरात ज्या प्रसंगाला प्रेक्षागृह चिडीचूप होते, म्हणजे थोरला भाऊ वीतभर जमिनीसाठी दगड सरकवतो तो प्रसंग, तिथे इथे मोठा हशा पिकला. मी बांधावर बसून चकित होऊन ऐकत होते. प्रयोगानंतर एक वयस्कर बापू शांतपणे म्हणाले, “त्यास्नी भांडाय जिमीन तरी हाय की. आमच्या घराखालची जागाबी वनखात्याची.” ज्यांच्या राहत्या घराला उतारा नाही त्यांना वीतभर बांधासाठीचे भांडण हसू आणणारे वाटले, यात आश्चर्य नव्हते. मात्र आईच्या वाटणीच्या प्रसंगाला कोणी हसले नाही. घोंगड्यावरच्या त्या आजींनी माझ्याकडे असे पाहिले की मला पुढचे वाक्य म्हणायला दोन क्षण उशीर झाला, आणि त्यांनी ते दोन क्षणही नाटकाचेच मानले.

निघताना त्यांनी आम्हाला सोडले नाही. ढोल निघाला आणि बिरोबाच्या ओव्या सुरू झाल्या. एकाने ओवी लावायची, दुसऱ्यांनी झेलायची, मध्येच गद्यात कथा पुढे न्यायची आणि पुन्हा सुरात यायचे. कथा सांगण्याची ही रीत आमच्या कोणत्याही दिग्दर्शनापेक्षा जुनी आहे. आपण ‘नाटक नसलेल्या’ माणसांकडे नाटक घेऊन चाललो आहोत ही कल्पना मी त्या अंगणातच सोडून दिली. त्यांच्याकडे त्यांची कथा होती; आमची तिथपर्यंत पोचली नव्हती, इतकेच.

रविवार, चंदगड तालुका

गारगोटी, आजरा करत चंदगडला पोचायला बराच वेळ लागला. कोल्हापूर शहरापासून हा तालुका शंभराहून अधिक किलोमीटर दूर. इथली माणसे दवाखान्याला आणि कॉलेजला बेळगावला जातात, कारण तेच जवळ. शाळेच्या मैदानावर झालेला प्रयोग सुरळीत पार पडला. काजूच्या बागा, थंडी आणि भरपूर माणसे. आमच्यातील धाकट्या भावाचे काम करणारा मुलगा याच तालुक्यातला असल्याने त्याने आपले संवाद इथल्या बोलीत म्हटले आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला दाद मिळाली. एका शिक्षकांनी पुढच्या वर्षी गावच्या मुलांना घेऊन नाटक बसवायचे आहे, तेव्हा महिनाभर कोणीतरी येऊन राहाल का, असे विचारले. प्रयोगापेक्षा ही मागणी मोठी आहे आणि ती पुरी करण्याजोगी आहे.

सोमवार, कागल तालुका

गडहिंग्लज, संकेश्वर, निपाणी अशा वाटेने कागलकडे आलो. गळीत हंगाम ऐन भरात असल्याने रस्त्यावर उसाने भरलेल्या ट्रॉल्यांची रांगच होती. ऊसतोड मजुरांच्या तळावर प्रयोग व्हावा ही आमची पहिल्यापासूनची इच्छा. ही माणसे बहुतांश बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या आगेमागे येतात, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडेपर्यंत राबतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असा इथला हिशेब. ज्या गावाच्या शिवारात ती चार-पाच महिने राहतात त्या गावच्या जत्रेत, सप्ताहात किंवा नाटकात त्यांना कोणी बोलावत नाही.

मुकादमाशी आधी बोलणे झाले होते. पहाटे फडात गेलेल्या बाया अंधार पडताना परतल्या. त्यांनी कोपीपुढच्या, म्हणजे तात्पुरत्या झोपडीपुढच्या, तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापल्या, मुलांना जेवू घातले, आणि मगच, साडेसातच्या सुमारास, आम्ही सुरुवात केली. इथे पोत्यांत पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, भरले होते. पाचट भुरकन पेटते, म्हणून चुलीपासून अंतर राखून मांडणी केली आणि नाटकातला कंदील विजेचा केला. जमिनीवर ताडपत्र्या, त्यावर पोरेबाळे, मागे बैलांच्या गळ्यातील घुंगरांचा आवाज. सगळा दिवस कोयता चालवलेली माणसे पहिल्या पाच मिनिटांत पेंगतील अशी भीती मला होती. एकही माणूस पेंगला नाही.

पहिला अंक संपत आला होता. मी गाठोडे उशाशी घेऊन बांधावर बसले होते आणि दोन्ही मुलगे दोन बाजूंनी हाका मारत होते, तेवढ्यात रस्त्याकडून ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला आणि मुकादमाने आरोळी दिली. गाडी भरायला आली होती. एका क्षणात ताडपत्री रिकामी होऊ लागली. पुरुषांनी विजेऱ्या उचलल्या, बायांनी पदर खोचले. माझ्या अगदी समोर, कडेवर तान्हे मूल घेऊन बसलेली एक तरुण बाई उठली, मूल शेजारच्या म्हातारीकडे दिले, आणि जाता जाता वाकून मलाच, म्हणजे बांधावरच्या त्या म्हातारीलाच, विचारले, “मावशे, मग तू कुणाकडं ऱ्हाणार?” मी काही बोलायच्या आत ती अंधारात गेली.

आम्ही रस्त्याकडेला जाऊन पाहिले. डोक्यावर उसाची मोळी घेऊन एकेक बाई ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून वर चढत होती, मोळी टाकून उतरत होती, पुन्हा चढत होती. विजेरीच्या उजेडात नुसते पाय दिसत होते. उरलेल्या मुलांसाठी आणि म्हाताऱ्यांसाठी दुसरा अंक करावा, असे आमच्यातील काहींचे मत पडले. दिग्दर्शक सर म्हणाले की जे प्रेक्षक कामाला गेले त्यांचा अंक त्यांच्या पाठीमागे उरकणे बरोबर नाही, आणि मला ते पटले. गाडी भरून व्हायला मध्यरात्र होणार होती. आम्ही ती पोती तशीच भरलेली तिथे ठेवली, मुकादमाकडे फोन नंबर दिला आणि सांगितले की ज्या दिवशी दोन तास मिळतील त्या दिवशी कळवा, आम्ही येऊ. विनामूल्य म्हणजे तिकीट नसणे एवढाच अर्थ आजवर आम्ही धरत होतो. या माणसांकडे पैशाइतकीच टंचाई वेळेची आहे, आणि ती भरून काढायची तर आम्हीच त्यांच्या वेळेच्या मागे धावले पाहिजे.

मंगळवार, इचलकरंजी

इचलकरंजीत श्रीमंत ना. बा. घोरपडे नाट्यगृह आहे, नाटकाची जाण असलेले रसिक आहेत. पण यंत्रमागांवर बारा-बारा तासांच्या पाळ्या करणाऱ्या कामगाराला संध्याकाळचा प्रयोग कसा मिळणार? म्हणून आम्ही रात्रपाळीवाल्यांसाठी सकाळी नऊला प्रयोग ठेवला. जागा मागांपासून दूरच्या एका पटांगणात घ्यावी लागली, कारण मागांच्या खडखडाटात शेजारच्या माणसाचेही ऐकू येत नाही, आणि दिवसरात्र त्या आवाजात राहिलेली माणसे आपापसांतही मोठ्याने बोलतात. सोबत उरलेली पोती सुताच्या कचऱ्याने भरली.

प्रेक्षकांत उत्तर प्रदेश, बिहार आणि ओडिशातून आलेले अनेक कामगार होते. त्यांच्यासाठी कथा आधी हिंदीत थोडक्यात सांगितली आणि प्रयोग मराठीतच केला. पहिल्या रांगेतील एक कामगार मध्येच झोपी गेला. रात्रभर चार-चार माग सांभाळलेल्या माणसाला आमच्या आवाजात निर्धास्त झोप लागली, तर त्यात वाईट वाटण्यासारखे काहीच नाही. मी त्याच्याजवळचे संवाद जरा हळू म्हटले. मध्यंतरानंतर तो जागा झाला, शेजाऱ्याकडून राहिलेली गोष्ट समजून घेतली आणि शेवटपर्यंत बसला.

बुधवार, शिरोळ तालुका

कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचे हे गाव २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत बुडाले होते. भिंतींवर पाण्याच्या रेषा अजून दाखवल्या जातात. पोती या वेळी नदीकाठच्या मातीने भरली आणि ती इतकी जड झाली की दोघांनाही उचलवेनात.

इथे मला खटकलेली एक गोष्ट लिहिणे भाग आहे. आम्ही पोचलो तेव्हा चौकात रंगमंचासमोर खुर्च्यांच्या दोन रांगा मांडून ठेवलेल्या होत्या, मान्यवरांसाठी. त्यामागे पुरुष, आणि बायांची जागा पार मागे, देवळाच्या पायऱ्यांवर, जिथून खुर्चीवरच्या माणसांच्या डोक्यांपलीकडे काहीही दिसले नसते. शिवाय दीपप्रज्वलन आणि भाषणांची यादी तयार होती. तिकीट नसले तरी पुढे कोण बसणार हे ठरलेलेच असेल, तर तो प्रयोग सर्वांसाठी खुला आहे असे मला म्हणवत नाही. सरांनी संयोजकांना बाजूला घेऊन आवाज न चढवता सांगितले की हे नाटक जमिनीवर तीन बाजूंनी बसून पाहायचे आहे, खुर्च्या मागे भिंतीशी लावू, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी तिथे बसावे. थोडी कुरबूर झाली. मग गावातल्या एका निवृत्त शिक्षिकेने आपली खुर्ची स्वतः उचलून मागे नेली, आणि पुढच्या दहा मिनिटांत चौक मोकळा झाला. भाषणे झाली नाहीत.

बांध सरकवण्याचा प्रसंग इथे सगळ्यांत जास्त रंगला, कारण पूर ओसरल्यावर गाळाखाली बांध हरवले की काय काय होते हे या माणसांनी पाहिलेले आहे. “मोजणी आणा, मोजणी!” असे ओरडत एक काका उभेच राहिले. दुसऱ्या अंकात म्हातारी चावडीत जाऊन तलाठ्याला विचारते की नवऱ्याच्या जमिनीला माझे नाव का नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मृत्युपत्र न करता वारलेल्या नवऱ्याच्या मिळकतीत विधवेला मुलांइतकाच वाटा आहे, आणि तरीही वारसनोंदीच्या वेळी आईकडून हक्कसोडपत्रावर अंगठा घेण्याची चाल घरोघर आहे. तो संवाद झाल्यावर बायांच्या बाजूने टाळी आली. पुरुषांच्या बाजूने जरा उशिराने, पण आली.

रात्री जेवत असताना कागलच्या मुकादमाचा फोन आला. कारखान्यावर गाड्या नंबरला अडकल्या होत्या. उद्या दुपारपर्यंत फडात गाडी येणार नाही, तेवढ्यात येता येईल का, असे तो विचारत होता.

गुरुवार, पुन्हा कागल तालुका

सकाळी अकराला आम्ही फडात होतो. अर्धा ऊस तुटलेला, अर्धा उभा, आणि मधल्या मोकळ्या पट्ट्यात पाचटाने भरलेली तीच पोती मांडली. बायांनी कोयते बाजूला ठेवून सरीतच बैठक मारली. शेजारच्या फडातली दुसरी टोळीही आली होती, आणि त्यांना पहिला अंक ठाऊक नव्हता. सर कथा सांगायला उभे राहणार तोच तान्ह्या मुलाची ती आई म्हणाली, “थांबा, म्या सांगते.”

तिने पहिला अंक सांगितला. थोरल्याने दगड कसा सरकवला, धाकट्याच्या बायकोने ताट कसे आपटले, म्हातारीने गाठोड्यात काय काय बांधले, सगळे क्रमाने. गाठोड्यात नवऱ्याचा फेटा आहे हे वाक्य माझ्या तोंडी एकदाच आणि हळू आवाजात येते. तिने ते बरोबर टिपले होते. आमच्या संहितेत नसलेलेही एक वाक्य तिने थोरल्या सुनेच्या तोंडी घातले, आणि ते संहितेतल्या वाक्याहून सरस होते. तिचे सांगणे संपले, मी बांधावर जाऊन बसले आणि आम्ही दुसरा अंक सुरू केला.

नाटकाच्या शेवटी म्हातारीचे नाव सातबाऱ्याला लागते आणि ती त्याच बांधावर स्वतःसाठी खोप घालते. शहरात या शेवटाला नेहमीच भरघोस टाळ्या मिळाल्या आहेत. इथेही मिळाल्या, पण टाळ्या थांबल्यावर ती बाई बसल्या जागेवरून म्हणाली, “आता नाव लागलंय की उताऱ्याला. मग बांधावर कशापायी ऱ्हायाचं तिनं? आपल्या वाट्यात मधोमध घालावी की खोप.” आजूबाजूच्या बायांनी माना डोलावल्या. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले की बांधावर राहिली तर दोन्ही लेकांवर नजर राहते. त्यावर ती म्हणाली, लेकांनीच यावे तिच्याकडे. यावर बराच वेळ बोलणे चालले, आणि त्यात आमच्यापैकी कोणी बोलले नाही. दीडच्या सुमारास रिकामी ट्रॉली आली तेव्हा सगळे उठले.

कोल्हापूरच्या वाटेवर टेम्पोत आमच्या लेखकाने वही काढली. त्याचा बांधावरच्या शेवटावर फार जीव आहे, त्यामुळे तो आधी गप्पच होता. मग त्याने सरांना विचारले की खोप मधोमध घालायची तर पोती कधी हलवायची, अंधारात की प्रेक्षकांदेखत. सर म्हणाले, प्रेक्षकांदेखत, आणि म्हातारीने स्वतः ओढत न्यायची. पुढचा प्रयोग शाहूवाडी तालुक्यातील एका वाडीवर आहे. तोवर भरलेले पोते एकटीने ओढायचा सराव मला करायचा आहे.